बटाटा, बर्फ की लाकूड? आघात चाचणीत काय फेकायचं ते कसं ठरवावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. तुम्ही शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी उघड्यावर बसवायच्या एका उपकरणाचं संरक्षक आवरण बनवलंय. समोर पॉलिकार्बोनेटची पारदर्शक चादर आहे, मागे फायबरची चौकट. गारा, वादळात उडून येणाऱ्या वस्तू आणि जमलं तर पक्षी, या तिन्हींना ते टिकतं का हे तुम्हाला दाखवायचंय. हाताशी आहेत बटाटे, घरी गोठवलेले बर्फाचे गोळे, पाण्याने भरलेली बाटली, लाकडाचे तुकडे, टेनिसचा चेंडू आणि स्टीलची गोळी. तुम्ही विचारलंय की गतिज ऊर्जा सारखी ठेवली तर यातली कुठलीही वस्तू चालेल का. आणि वेग मिळवायला पाईपची हवेची तोफ बनवावी का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'. का, ते पुढे सांगतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तरही जवळजवळ 'नाही'च आहे, पण तिथे जरा थांबावं लागेल, कारण बहुतेक विद्यार्थी प्रकल्प याच ठिकाणी घसरतात.

अडचण अशी की 'कोणती वस्तू फेकू' या प्रश्नाच्या आधी दुसरा एक प्रश्न उभा असतो: खऱ्या धोक्यातली वस्तू आदळल्यावर तिचं स्वतःचं काय होतं? ती फुटते, पसरते, चेपते, उसळून मागे जाते, की जशीच्या तशी राहते? आघात चाचणीतली वस्तू धोक्यासारखी दिसली नाही तरी चालतं. ती त्याच्यासारखी मोडली पाहिजे. माझ्या कामात एखादी विचित्र वस्तू चाचणीला घ्यायची की नाही हे मी याच कसोटीवर ठरवतो. वजन आणि वेग त्यानंतर.

ऊर्जा का पुरत नाही, ते आकड्यांनीच बघा. सौर पॅनेलच्या गारा-चाचणीत, म्हणजे आयईसी 61215 या मानकात, सगळ्यात रूढ गोळा 25 मिलिमीटर व्यासाचा, 7.53 ग्रॅमचा असतो आणि तो 23 मीटर प्रतिसेकंद वेगाने मारतात. ऊर्जा निघते सुमारे 2 ज्यूल. आता चक्रीवादळात खिडक्या टिकतात का हे तपासणारी अमेरिकी चाचणी घ्या. तिच्यात छतावरून उडणाऱ्या खडीच्या जागी 2 ग्रॅमच्या स्टीलच्या गोळ्या 39.6 मीटर प्रतिसेकंदाने मारतात. तिथे ऊर्जा सुमारे 1.6 ज्यूल, म्हणजे गारेपेक्षा कमीच. पण साध्या काचेवर दोन्हींचा परिणाम बघितलात तर कोणी सारखा म्हणणार नाही. आठ मिलिमीटरची पोलादी गोळी आदळताना स्वतः जवळपास बदलत नाही. सगळा जोर टिचभरसुद्धा नसलेल्या जागेवर येतो आणि काचेत शंकूच्या आकाराची भेग जाते. बर्फाचा गोळा त्याच क्षणी पुढून चुरा व्हायला लागतो. त्या चुऱ्यात ऊर्जा खर्च होते, स्पर्शाची जागा रुंदावते आणि जोराचं शिखर खाली येतं. दोन्हीकडे दोन ज्यूलच्या आसपासच, पण एकीकडे ते लक्ष्यात जातात आणि दुसरीकडे त्यातला मोठा वाटा वस्तूतच संपतो.

दुसरं उदाहरण तुमच्या हातात आहे, करून बघा. 200 ग्रॅमचं वजन एक मीटरवरून सोडलं तरी ऊर्जा जवळपास 2 ज्यूलच. पण त्याचा संवेग त्या गारेच्या पाचपट भरतो आणि स्पर्श बराच वेळ टिकतो. एवढ्या वेळात तुमची चादर अख्खी वाकते, कडांवरचे स्क्रू भार घेतात, चौकट हलते. गार मात्र कडांना बातमी पोचायच्या आत आपलं काम उरकून जाते. तिचं नुकसान जागच्या जागी होतं. म्हणून वजन टाकून केलेल्या चाचणीत स्क्रूचं भोक फाटलं, तर त्यावरून गारांबद्दल काही बोलता येत नाही. तसंच वजनाने काही झालं नाही म्हणून गारांनी होणार नाही, असंही म्हणता येत नाही.

मग ऊर्जा निरुपयोगी का? तसं नाही. एकाच वस्तूचे वेगवेगळे वेग, किंवा एकाच पदार्थाचे वेगवेगळे आकार यांची तुलना करायला ती छान चालते. त्याच मानकात पुढे मोठ्या गारांचे आकडे आहेत. 75 मिलिमीटरचा गोळा 203 ग्रॅमचा आणि वेग 39.5 मीटर प्रतिसेकंद. व्यास तिप्पट झाला तर वजन 27 पट होतं. शिवाय मोठी गार वेगानेही पडते, त्यामुळे ऊर्जा जवळपास 80 पट होते, 158 ज्यूल. 'गारांना टिकतं' एवढंच अहवालात लिहिलं तर परीक्षक पहिलं हेच विचारतील, केवढ्या गारांना?

हवाई क्षेत्रात ही सगळी चर्चा फार आधी होऊन गेलीय, आणि तुमच्या बटाट्याचं उत्तर तिथेच सापडतं. पक्षी आदळल्यावर विमानाची काच टिकते का हे तपासायला मेलेली कोंबडी तोफेतून मारतात हे तुम्ही ऐकलं असेल. ही थट्टा नाही. अशी पहिली तोफ 1942 मध्ये अमेरिकेत नागरी विमान प्रशासन आणि वेस्टिंगहाउस यांनी मिळून बनवली. आजही मोठ्या प्रवासी विमानाच्या समोरच्या काचेसाठी 4 पौंडांचा, म्हणजे सुमारे 1.8 किलोचा पक्षी धरतात. अमेरिकी नियमांत शेपटीच्या भागासाठी तो 8 पौंडांचा आहे. कोणीतरी गोठवलेली कोंबडी तशीच मारली आणि ती काच, खुर्ची, मागची भिंत सगळं फोडून गेली, ही गोष्ट या क्षेत्रात नव्याने आलेल्या प्रत्येकाला ऐकवली जाते. ती दंतकथाच आहे. टिकून राहिली, कारण तिच्यातलं भौतिकशास्त्र अगदी बरोबर आहे. वजन तेच, वेग तोच, ऊर्जा तीच. फक्त वस्तू पसरायची थांबली.

न गोठवलेला पक्षी 100 मीटर प्रतिसेकंदाने आदळतो तेव्हा तो घन पदार्थासारखा वागतच नाही. मांस आणि हाडं यांची ताकद त्या दाबापुढे नगण्य ठरते आणि पक्षी द्रवासारखा वाहतो. म्हणून प्रयोगशाळेत त्याच्या जागी जेलॅटिनचा दंडगोल वापरता येतो. त्याची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी, घनमीटरला 950 किलोच्या आसपास ठेवतात, कारण पक्ष्याच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात. त्याला ना चोच, ना पंख, ना हाडं. दिसायला पक्ष्याशी काही संबंध नाही, पण पसरतो पक्ष्यासारखा. लागणारा जोर अंदाजे काढायचा असेल तर 1.8 किलोचा, 25 सेंटिमीटर लांबीचा गोळा 100 मीटर प्रतिसेकंदाने पूर्ण चपटा व्हायला अडीच मिलिसेकंद घेतो असं धरा. सरासरी जोर 72 किलोन्यूटन येतो, म्हणजे सात टनांच्या वर.

आता यातली मेख. वाहत्या द्रवाचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. 100 मीटरला तो पावणेपाच मेगापास्कल, 10 मीटरला त्याचा शंभरावा भाग. एवढ्या कमी दाबाला मांस, जेलॅटिन, बटाटा यांच्यापैकी काहीही वाहत नाही. जेलॅटिन तर टुणकन उसळतं. म्हणजे तुम्ही गच्चीवरून बटाटा किंवा जेली खाली सोडून 'पक्ष्याची चाचणी केली' असं लिहिलंत, तर ती कशाचीच चाचणी नसेल. माझा सल्ला, पक्षी हा भाग प्रकल्पातून काढूनच टाका. तुमचं उपकरण एका जागी खिळलेलं आहे. पक्षी धोकादायक ठरतो तो मुख्यतः विमानाच्या वेगामुळे. तिसरा धोका यादीत आहे म्हणून गुण वाढणार नाहीत. तो ओढूनताणून बसवलाय हे दिसलं तर मात्र कमी होतील.

मऊ आणि हलकी वस्तू काय करणार, असंही तुमच्या प्रश्नात एके ठिकाणी डोकावतंय. टेनिसचा चेंडू तुम्ही 'सौम्य पर्याय' म्हणून लिहिलाय. इथे कोलंबिया या अमेरिकी अंतराळयानाचं उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 16 जानेवारी 2003 ला उड्डाणानंतर सुमारे 82 सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन पाऊण किलोच्या आसपास, घनता इतकी कमी की तेवढ्या वजनाला वीस लिटरभर आकारमान. हातात घेतला तर थर्माकोलसारखा वाटावा. अशा वस्तूने पंखाला भोक पडेल हे अनेक अनुभवी अभियंत्यांनाही पटत नव्हतं. 1 फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले. त्यानंतर टेक्सासमधल्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये गॅस गनने, म्हणजे दाबलेल्या वायूच्या तोफेने, तशाच फोमचा ठोकळा पंखाच्या खऱ्या पॅनेलवर मारला. 7 जुलै 2003 च्या चाचणीत पॅनेल क्रमांक 8 ला सुमारे 40 सेंटिमीटरचं भगदाड पडलं.

यात शिकण्यासारखं बरंच आहे. फोम हलका होता म्हणूनच वेग एवढा झाला. टाकीवरून सुटल्यावर हवेने त्याला सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी वेळात जबरदस्त रोखलं आणि मागून येणारं यान त्याच्यावर ताशी साधारण 850 किलोमीटरच्या फरकाने जाऊन आदळलं. जड तुकडा असता तर तो यानाबरोबरच पुढे जात राहिला असता आणि दोघांच्या वेगातला फरक कमी पडला असता. या वेगाचा वर्ग घेऊन ऊर्जा काढली तर ती 20 हजार ज्यूलच्या वर जाते. शिवाय उड्डाण चालू असताना नुकसानीचा अंदाज ज्या हिशेबाच्या साधनाने काढला गेला, ते बारक्या तुकड्यांच्या चाचण्यांवर बेतलेलं होतं आणि खरा तुकडा त्यांच्या शेकडो पट मोठा होता. ज्या पट्ट्यात मोजमाप झालंय त्याच्या बाहेर रेघ ओढत नेली की असं होतं. तुमच्या प्रकल्पातही 5 मीटर प्रतिसेकंदाच्या चाचणीवरून 25 मीटर प्रतिसेकंदाचा आलेख काढायचा मोह होईल. तो टाळा.

आता तुमच्या वस्तू एकेक घेऊ. सगळ्यांना सारखा वेळ देत नाही, कारण त्यांची लायकीही सारखी नाही.

बर्फाचा गोळा तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. घरच्या फ्रीजरमधला गोळा बाहेरून आत गोठत जातो. मधे अडकलेली हवा आणि पाणी गोठताना फुगल्यामुळे पडलेल्या भेगा आतच राहतात. असा गोळा आदळायच्या आधीच अर्धा मोडलेला असतो आणि तुमचं आवरण उगाच पास होतं. पाणी आधी उकळून गार करा, हळूहळू गोठवा, उजेडासमोर धरून तडे दिसतात का बघा आणि प्रत्येक गोळ्याचं वजन करा. वजन पाच टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे असेल तर तो बाजूला. मानकातही हीच मर्यादा आहे. तापमानही सांभाळायला हवं. गोळे उणे 4 अंशांच्या आसपास ठेवून, बाहेर काढल्यापासून मिनिटभरात मारायचे असतात. पृष्ठभाग वितळला की गोळा घसरतो आणि मऊही पडतो.

एक गंमत लक्षात घ्या. 23 मीटर प्रतिसेकंद हा आकडा कोणी मनाने धरलेला नाही. 25 मिलिमीटरची गार हवेतून पडताना जास्तीत जास्त साधारण एवढाच वेग गाठते. त्यामुळे 'सूत्राप्रमाणे 27 मीटर उंचीवरून सोडला की 23 येईल' हे कागदावरच खरं. हवेचा रोध धरला तर तेवढ्या उंचीवरून सुमारे 18 मिळतील. उंची वाढवत न्याल तसा वेग 23 च्या जवळ सरकत राहील, एवढंच. त्यातून वाऱ्याने गोळा कुठे जाऊन पडेल ते वेगळंच.

स्टीलची गोळी दिसायला सगळ्यात कंटाळवाणी, पण सगळ्यात प्रामाणिक. ती बदलत नाही, सुकत नाही, वितळत नाही. आज मारली आणि पुढच्या महिन्यात मारली तरी तीच. म्हणून दोन आवरणांची आपसात तुलना करायची असेल, म्हणजे 3 मिलिमीटरची चादर की 4 ची, हा स्क्रू की तो, तर गोळीच वापरा. फक्त तिच्या निकालावरून 'गारांना टिकतं' असं लिहू नका. ती गार नाही.

लाकडाच्या तुकड्यामागे मोठी परंपरा आहे. ऑगस्ट 1992 च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर फ्लोरिडात नियम कडक झाले. तेव्हापासून खिडक्या-दारांच्या चाचणीत 4.1 किलोची लाकडी फळी 15 मीटर प्रतिसेकंदाहून थोड्या जास्त वेगाने, टोकाच्या बाजूने मारतात. ऊर्जा पावणेपाचशे ज्यूल. टोर्नेडोच्या निवाऱ्यांसाठी 6.8 किलोची फळी ताशी 160 किलोमीटरने. पण फळीच का? कारण त्या भागातली घरं लाकडी सांगाड्याची. तिथे वादळात खरोखर तेच उडतं. तुमचं उपकरण जिथे बसणार आहे तिथे आजूबाजूला काय सैल पडलेलं असतं ते आधी बघा. पत्रा असेल, कौल असेल, खडी असेल, झाडाची फांदी असेल. हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मी इथून सांगू शकत नाही. फळी घेतलीत तर मात्र एक पथ्य पाळा. ती टोकाने लागली की आडवी लागली, याने निकाल पार उलटतो. आडवी फळी अख्ख्या चादरीवर भार वाटते. टोकाने आलेली फळी आपल्या पूर्ण लांबीचं वजन चार बोटांच्या जागेवर आणते. चित्रीकरणात आदळण्याच्या क्षणी ती पाच अंशांहून जास्त तिरकी दिसली तर मी तो फटका मोजत नाही, पुन्हा घेतो.

पाण्याची बाटली सोडून द्या. पाणी पसरतं हे खरं, पण बाटलीचं प्लॅस्टिक कधी फाटतं यावर सगळं ठरतं आणि ते दर खेपेला वेगळं. टेनिसचा चेंडू उसळतो. उसळणारी वस्तू संवेग जास्त देते आणि ऊर्जा बरीचशी परत घेऊन जाते, त्यामुळे आकडे फसवे येतात. शिवाय परत कुठे जाईल याचा नेम नाही. बटाट्याबद्दल वर आलंच आहे. त्याच्यात पाणी भरपूर आणि घनता पाण्याहून थोडी जास्त. पण प्रत्येकाचा आकार, सालीची जाडी, ताजेपणा निराळा. मजेसाठी ठीक, मोजमापासाठी नाही.

तोफेचा विषय. प्लॅस्टिकच्या नळाच्या पाईपमध्ये दाबाची हवा भरू नका, कितीही जणांनी करून दाखवलं असलं तरी. ते पाईप पाण्याच्या दाबासाठी बनवलेले असतात. पाणी जवळपास दबत नाही, त्यामुळे पाईप फुटला तर गळून शांत होतो. दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा मात्र एका झटक्यात सुटते आणि पाईपच्या धारदार चिंधड्या उडतात. ऊन आणि थंडीने ते प्लॅस्टिक आणखी ठिसूळ होतं. प्रयोगशाळेतल्या गॅस गनमध्ये नळीपेक्षा टाकी, झडपा, दाब सोडायची सोय आणि लक्ष्याभोवतीची बंद खोली यांवरच जास्त खर्च असतो, तो उगाच नाही. शिवाय अशी वस्तू कायद्याच्या नजरेत शस्त्र ठरते का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. कॉलेजच्या प्रकल्पासाठी त्या भानगडीत पडायचं कारणच नाही.

त्यापेक्षा वरून सोडा. नळीच्या मार्गदर्शनाने खाली सोडलेली गोळी नेमक्या जागी पडते, वेग उंचीवरून कळतो आणि कॅमेऱ्याने मोजलेल्या वेगापेक्षा तो जास्त खात्रीचा असतो. 2 मीटरवरून 6.3 मीटर प्रतिसेकंद, 5 मीटरवरून जवळपास 10. वेग कॅमेऱ्याने तपासायचा असेल तर सेकंदाला 240 चित्रं घेणारा साधा फोनही चालेल. 10 मीटर प्रतिसेकंदाला दोन चित्रांमध्ये वस्तू 4 सेंटिमीटर सरकते. मोजपट्टी वस्तूच्या मार्गाच्या अगदी शेजारी, त्याच अंतरावर धरा. मागच्या भिंतीवर लावलीत तर वेग कमी-जास्त दिसेल. आणि वेगातली चूक ऊर्जेत दुप्पट होते, 5 टक्क्यांची 10 टक्के, हे विसरू नका.

बर्फासाठी मी असं करेन. 45 मिलिमीटरचा गोळा (सुमारे 44 ग्रॅम) साडेचार मीटरवरून सोडला की 2 ज्यूलच्या आसपास जातं. पण वर सांगितलं तेच पुन्हा: ही 25 मिलिमीटरच्या गारेची चाचणी नव्हे. वेग निम्म्याहून कमी आहे, गोळा मोठा आहे, चुरा कमी होतो. तिचा उपयोग कमकुवत नमुने आधीच बाद करायला. उरलेले दोन-तीन चांगले नमुने सौर पॅनेल तपासणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत न्या. गारांची गन त्यांच्याकडे असते. विद्यार्थ्यांना एखादा दुपारचा वेळ देणारे लोक मी पाहिलेत. विचारायला काय जातं?

लक्ष्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि निम्मा निकाल तिथे ठरतो. आवरण फरशीवर ठेवून मारलंत तर चादर वाकूच शकत नाही आणि चाचणी दुसऱ्याच कशाची तरी होते. ते जसं बसवणार तसंच, त्याच स्क्रूंनी, तेवढ्याच आवळून धरा. फटका फक्त मध्यभागी नको. सौर पॅनेलच्या चाचणीत 11 जागा ठरलेल्या आहेत. कोपरा, कड, आधाराच्या जवळ, आधारापासून सगळ्यात दूर, अशा. मध्यभागी चादर वाकून सुटते. कडेजवळ ती वाकू शकत नाही, तिथेच ती तडकते. तुमच्या पॉलिकार्बोनेटचा मी जास्त भरवसा धरेन तो मध्यभागी. स्क्रूच्या भोकांभोवती अजिबात नाही, त्यातून भोकं ड्रिलने पाडून कडा खरखरीत सोडल्या असतील तर नाहीच. थंडीतही एक मालिका घ्या. नमुने रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून लगेच मारा. गारा उन्हाळ्याच्या दुपारी पडल्या तरी त्यांच्याबरोबरच्या पावसाने चादर झपाट्याने गार होते.

मागची फायबरची चौकट बाहेरून निष्पाप दिसेल. अशा कॉम्पोझिटमध्ये, म्हणजे थर जोडून बनवलेल्या पदार्थात, फटक्याच्या बाजूला फक्त एक फिकट ठिपका असतो आणि आतले थर सुटलेले असतात, मागच्या बाजूला तर जास्तच. नाण्याने टकटक करत जा. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, थर सुटलेत तिथे बद्द. म्हणून 'पास' म्हणजे काय हे पहिला फटका मारायच्या आधी लिहून ठेवा. भेग दिसली की नापास? पाणी आत गेलं की नापास? थर सुटले की? निकाल बघून व्याख्या ठरवली की सगळेच नमुने पास होतात.

सुरक्षेचं थोडक्यात. सगळ्यांना चष्मे, लक्ष्याच्या मागे आणि बाजूला कोणी नाही, बर्फाचे तुकडे अडवायला चारी बाजूंनी पडदा, आणि वस्तू सोडणाऱ्याने मोठ्याने सांगून सोडायची. उंचीवर उभं राहणाऱ्याला कठडा हवा. या चाचण्यांत वरून माणूस पडण्याचा धोका गोळीपेक्षा मोठा असतो.

नमुने पुरेसे असतील, म्हणजे डझन-दीड डझन, तर जिना पद्धत वापरा. एका उंचीवरून सोडा. टिकला तर पुढचा नमुना एक पायरी वरून, मोडला तर एक पायरी खालून. प्रत्येक वेळी नवा नमुना. काही फटक्यांनंतर उंची एका पट्ट्यात खाली-वर व्हायला लागते, आणि त्या पट्ट्याचा मध्य म्हणजे निम्मे नमुने मोडतील अशी उंची. एकाच नमुन्यावर पुन्हापुन्हा मारलं तर आधीच्या फटक्यांचं नुकसान साठत जातं आणि तुम्ही नेमकं काय मोजलं हे तुम्हालाच सांगता येत नाही. नमुने सहा-सातच असतील तर जिना सोडून द्या. मग दोन उंची ठरवा, प्रत्येकीला तीन नमुने, जागा ठरलेली, आणि प्रत्येक फटक्यानंतर वस्तूचा आणि लक्ष्याचा असे दोन फोटो घ्या. वस्तूचा फोटो सगळे विसरतात. नमुने किती आहेत आणि चादर कशी आवळली आहे हे कळवलंत तर उंची कुठून सुरू करावी ते सांगतो.